ए, सी की डी?

यावलला मामांकडे केळीची कटाई चालू होती. पडवीत रिकाम्या खोक्यांची थप्पी! मी एक खोकं उलगडलं, मार्करने आठ कोनांचा आकार काढला आणि आत ए, सी, डी असे झोन आखले.

मामा वरणगावच्या आयुध कारखान्यातून रिटायर झालेले. काडतुसं बनवण्यात आयुष्य गेलं. पुठ्ठा बघून म्हणाले, ‘‘पोरी, हे तर माणसाचं धड. यावर गोळ्या झाडतात?’’

प्रश्न बरोबर होता. आपल्या डोळ्यांना सवय गोल टार्गेटची. 2018च्या एशियन गेम्समध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात गोल्ड जिंकलं ते तसल्याच. प्रॅक्टिकल शूटिंगचा मामला वेगळा. 1976 मध्ये अमेरिकेत जेफ कूपर आणि मंडळींनी आयपीएससी ही संघटना काढली. इथे नेमबाज पळतो, आडोशामागून डोकावतो आणि बहुतेक वेळा प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्या मारतो. झोनच्या रेषा इतक्या पुसट की लांबून दिसतच नाहीत!

आता हिशोब. कमी ताकदीच्या काडतुसाला ए म्हणजे 5 गुण, सी 3, डी 1. जास्त ताकदीला सी 4 आणि डी 2, पण ए तेवढाच. नेम चुकला तर वजा 10. मग एकूण गुण भागिले सेकंद.

समजा, चार पुठ्ठे, आठ गोळ्या, साधं काडतूस. सगळे ए, पण 8 सेकंद : 40 भागिले 8, म्हणजे 5. सहा ए, दोन सी, 6 सेकंदांत : 36 भागिले 6, म्हणजे 6. परफेक्टवाला हरला! पण 5 सेकंदांत सात ए आणि एक मिस? 35 वजा 10, भागिले 5. पुन्हा 5च. डेडलाइनवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?

आणि धडाचं काय? जुन्या टार्गेटला डोकंही होतं, अमेरिकेत अजून वापरतात. आयपीएससीच्या क्लासिक टार्गेटला ते नाही, माणसासारखं कमी दिसावं म्हणून. शिवाय मध्येच ‘नो-शूट’ उभे असतात. आकार तोच, खूण वेगळी. गोळी लागली की वजा 10.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे कुणाला मारायचं नाही, याचेही मार्क धरतात. आमच्याकडे फक्त काडतुसंच मोजायचे.’’