टीव्ही हलवला होता का?

टीव्हीवाले काका दारात चपला काढता काढताच हा प्रश्न विचारायचे. आपण तक्रार सांगत असायचो की बातम्या देणाऱ्या बाईंचा डावा गाल हिरवा दिसतोय, क्रिकेटच्या मैदानात एका कोपऱ्यात जांभळं गवत उगवलंय; आणि ते म्हणायचे, "ते असू दे. टीव्ही हलवला होता का?" दिवाळीच्या आवराआवरीत शोकेसची भिंत बदललेली असायची, नाहीतर टीव्हीला खेटून कुणीतरी नवे स्पीकर मांडलेले असायचे. काका पुढे काही बोलत नसत. पिशवीतून काळी टेप गुंडाळलेलं, लहान सायकलच्या टायरएवढं एक कडं काढत, त्याची पिन बोर्डात घालत आणि टीव्हीसमोर उभे राहत.

हे कडं म्हणजे डिगॉसिंग कॉइल. आत तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, बाहेर एक दाबायचं बटण, बाकी काही नाही. बाजारात तयार मिळायचं, पण काकांचं घरी केलेलं होतं. भंगारात गेलेल्या दोन टीव्हींच्या आतल्या कॉइली काढून, दुमडून, एकत्र बांधलेल्या. नुसती लावली तर भसकन करंट ओढून तापते, म्हणून मध्ये एक मोठा बल्ब सिरीजमध्ये. बटण दाबलं की बल्ब पिवळट पेटायचा, कडं घुमायला लागायचं आणि पडद्यावर सगळे रंग गरागरा फिरायचे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडल्यावर फिरतात तसे.

आम्हा पोरांना ते फिरणारे रंगच आवडायचे. खरं कसब त्यानंतर होतं. काका कडं काचेजवळ गोल गोल फिरवत, कडेपासून मध्यापर्यंत, आणि मग तसंच फिरवत फिरवत उलट्या पावलांनी मागे सरत. एक पाऊल, अर्धं पाऊल. पाठ स्वयंपाकघराच्या दाराला टेकेपर्यंत, म्हणजे सहा-सात फूट. तिथे कडं आडवं वळवून त्याची कड टीव्हीकडे करायची आणि मगच बटण सोडायचं. घाईने जवळच सोडलं तर होता तो डाग परवडला, असा नवा डाग पडतो. एकदा काकांच्या पोराच्या हातून तसं झालं होतं आणि पडदाभर कावीळ पसरली होती. काकांनी न रागावता परत पहिल्यापासून केलं.

डाग पडतो कशाने, हे कळायला पिक्चर ट्यूबच्या आत डोकावावं लागतं. मनानेच, झाकण उघडून नव्हे, कारण रंगीत टीव्हीच्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून बसलेले असतात. ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनचे तीन झोत निघतात, सेकंदाला सुमारे ९० हजार किलोमीटर वेगाने. काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या, निळ्या रंगांनी उजळणारे बारीक ठिपके किंवा रेघा असतात. आणि काचेच्या अलीकडे, बोटभराच्या आत, लोखंडी पत्र्याची एक चाळण असते. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये दाखवलेली ही युक्ती. चाळणीत लाखो भोकं. तिन्ही झोत एकाच भोकातून जातात, पण वेगवेगळ्या कोनांतून, त्यामुळे प्रत्येक झोत आपापल्याच रंगावर पडतो. इलेक्ट्रॉनला स्वतःला रंग नसतो. तो कुठल्या कोनातून आला, एवढ्यावरच त्याचा रंग ठरतो.

आता एवढ्या नाजूक नेमाला चुंबक म्हणजे धावत्या माणसाला मारलेला कोपर. कोन किंचित बदलला, झोत मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकला, की लालसाठी निघालेला हिरव्याच्या अंगणात. चुंबक दूर नेला तरी डाग जात नाही, कारण तोवर ती चाळणच चुंबक झालेली असते.

आमच्या पिढीची फसगत इथेच झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं आपल्याकडचा टीव्ही काळा-पांढरा होता. त्या ट्यूबमध्ये चाळण नसते. फुटक्या स्पीकरचा चुंबक काचेला लावला की निवेदकाचं नाक कानापर्यंत जायचं, काढला की नाक जागेवर. पुरावा शून्य. नाम जुन पाइक या कोरियात जन्मलेल्या कलावंताने १९६५ मध्ये काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर मोठा नालाकृती चुंबक ठेवला, तर ती कलाकृती ठरली आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेली. मी तेच १९८२ नंतर घरात आलेल्या रंगीत टीव्हीवर केलं. आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंग आला होता, आमच्याकडे तो दोन वर्षांनी, हप्त्यांवर आला. नाक जागेवर आलं, पण उजव्या कोपऱ्यात बशीएवढा जांभळा डाग राहिला. मला संग्रहालय मिळालं नाही. जे मिळालं ते सांगण्यासारखं नाही.

लोखंडाला एकदा लागलेलं वळण पुसायचं कसं? उलट चुंबक लावून नाही, कारण नेमकं किती उलट हे कुणी मोजायचं? कॉइल तो हिशेबच करत नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणून कडं चाळणीला एकदा इकडे, एकदा तिकडे ओढतं, तेही तिच्या जुन्या खोडीपेक्षा जास्त जोराने. मग ते मागे सरतं तसा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा थोडा लहान होतो, आणि लहान होत होत विरतो. उलट्या पावलांचं प्रयोजन हेच.

'डिगॉसिंग' हा शब्द मात्र घरातला नाही, युद्धातला आहे. जर्मनांनी समुद्रात पेरलेले चुंबकीय सुरुंग वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाच्या चुंबकत्वानेच फुटत. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग इंग्लंडच्या शूबरीनेस किनाऱ्यावर चिखलात अखंड सापडला. नौदलाच्या जॉन उव्हरी यांनी तो जागेवरच उघडला. चुंबकत्व मोजण्याचं एकक गॉस, त्या नावाच्या जर्मन गणितज्ञावरून. जहाजाचं चुंबकत्व मारायच्या उपायाला चार्ल्स गुडीव्ह यांनी 'डिगॉसिंग' म्हटलं. जहाजाभोवती केबलींचे वेढे घालत, किंवा जाड केबल त्याच्या अंगावरून नुसती फिरवत. काकांचं कडं या केबलींचंच धाकटं भावंड.

पण मग "हलवला होता का?" कशासाठी? स्पीकर नसेल, पोरांनी चुंबक लावला नसेल, तरी नुसती भिंत बदलल्याने रंग का बिघडावेत?

कारण पृथ्वी. महाराष्ट्रात तिचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस. होकायंत्राची सुई हलवायला पुरेसं, आणि झोताचा कोन बिघडवायलाही. चाळण अगदी कोरी करून भागत नाही, कारण पृथ्वी तर समोर उभीच असते. कॉइलचे हेलकावे विरत असताना चाळण आणि ट्यूबमधलं पत्र्याचं कवच त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे स्वतःला लावून घेतं, असं की झोतांच्या वाटेवरचा पृथ्वीचा बराचसा प्रभाव फिटतो. म्हणजे काका पुसापुशी करत नव्हते. टीव्हीला ते घर, ती भिंत, ती दिशा शिकवत होते. उत्तरेकडे तोंड असलेला टीव्ही पूर्वेकडे वळवला की तो धडा चुकीचा ठरतो. टीव्हीचे आणि मॉनिटरचे काही कारखाने तर उत्तर गोलार्धासाठी वेगळी आणि दक्षिणेसाठी वेगळी ट्यूब लावत.

इतक्या हळव्या यंत्राची सोबत करायला अलिबागची वेधशाळा आहेच. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेनेच खाडी ओलांडली आणि १९०४ मध्ये अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत मुक्काम हलवला. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. टीव्हीला अशी ऐपत नसते. त्याला शोकेसमध्येच बसावं लागतं, शेजारी स्पीकर आले तरी.

म्हणून कंपन्यांनी एक कॉइल ट्यूबभोवतीच बसवली. मेन बटण दाबल्यावर येणारा तो 'भुंग' आवाज तिचा. तिच्यामागे पोझिस्टर नावाचा शर्टाच्या बटणाएवढा भाग असतो: गार असताना करंट भरपूर सोडतो, आणि तापला की काही क्षणांत जवळजवळ अडवून धरतो. म्हणजे काकांची उलटी पावलं तो जागच्या जागी चालतो. डाग गेला नाही म्हणून लगेच दहा वेळा बटण खटखटवण्यात अर्थ नसतो. पोझिस्टर तापलेलाच असतो. त्याला अर्धा तास निवू द्यावं लागतं.

रिमोट आला आणि हे बिघडलं. कित्येक टीव्हींत रिमोटने बंद-चालू केल्यावर ती कॉइल जागीच होत नाही, तिला मेन बटणच लागतं. गावाकडे मात्र लोडशेडिंगने ही उणीव भरून काढली. दिवसातून दोनदा वीज जायची आणि आली की 'भुंग' व्हायचा. भारनियमनाचा एवढा एकच फायदा मला आठवतो.

धंद्यातली एक खोट इथे सांगायला हवी. पोझिस्टर शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि टीव्ही मेल्यासारखा पडतो. आमच्या पुण्यातल्या बिऱ्हाडी असाच पडला तेव्हा आलेल्या मेकॅनिकने तो भाग सरळ उपटला, नवा फ्यूज घातला, टीव्ही सुरू, पैसे घेऊन गेला. पडदा स्वच्छ होता. पाच-सहा महिन्यांनी कडेने रंग चढू लागले, आणि दुसरा मेकॅनिक म्हणाला, ट्यूब गेली. ट्यूब धडधाकट होती. गेला होता तो काही रुपयांचा एक भाग.

काका अशा वेळी आधी टीव्हीच्या मागे कान लावून मेन बटण दाबायचे. 'भुंग' आला नाही तर पिशवीतून कडं न काढता सोल्डरिंग गन काढायचे. सगळेच डाग कड्याने जात नसत, हेही ते सांगत. टीव्ही पडून चाळण वाकली असेल किंवा ट्यूबच्या मानेवरच्या कड्या सरकल्या असतील, तर कितीही फिरवा, डाग तिथल्या तिथे. मग ते कडं गुंडाळून ठेवत आणि फक्त येण्याजाण्याचे पैसे घेत.

माझ्या जांभळ्या डागाच्या दिवशी ते उलटी पावलं दोनदा चालले. बटण सोडलं, बल्ब विझला, रंग थबकले, डाग नव्हता. आईने चहा ठेवला. काकांनी खिशातून खडू काढून शोकेसच्या फळीवर टीव्हीच्या दोन पायांपाशी खुणा केल्या आणि मला म्हणाले, "पुसताना सरकला तर परत इथेच आणायचा. आणि तो चुंबक दे इकडे."