एका चुकीतून जन्मलेला कॉम्बो

१९९१ मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ आर्केडमध्ये आला. एक दांडी, सहा बटणं आणि निवडायला आठ लढवय्ये. त्याच्या चाचणीत निर्माते नोरिताका फुनामिझु यांना एक दोष सापडला: वेळ अचूक साधली, तर एका फटक्याला लागूनच दुसरा बसतो आणि समोरच्याला अडवताच येत नाही. हे कोणाला जमणार, असं वाटून तो तसाच ठेवला गेला. आज अशा सलग फटक्यांच्या ‘कॉम्बो’शिवाय फायटिंग गेमची कल्पनाच करवत नाही!

या खेळांची खरी नशा मात्र बचावात आहे. १९९९ च्या ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’मध्ये ‘पॅरी’ आहे. वार अंगावर येताना मागे सरायचं नाही, नेमक्या क्षणी दांडी पुढे ढकलायची. वार पूर्ण निकामी होतो. क्षण हुकला, तर मार खायचा.

२००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, कॅलिफोर्नियात, याच खेळात जपानच्या दाइगो उमेहाराचा लढवय्या केन अगदी शेवटच्या घटकेला टेकला होता. खास वार नुसता अडवूनही थोडी शक्ती जातेच, म्हणजे साध्या बचावानेही हार. अमेरिकेच्या जस्टिन वाँगच्या चुन-लीने सलग १५ लाथांचा ‘सुपर’ हल्ला सोडला. दाइगोने पंधराच्या पंधरा पॅरी केल्या, शेवटची तर हवेत, आणि तिथूनच उलटा कॉम्बो मारून डाव जिंकला. प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून ओरडत होते.

ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही. अंतिम सामन्यात केंजी ओबाताने त्याला हरवलं. तरी पॅरी शिकायला बसणारे अनेकजण आजही त्याच पंधरा लाथा परतवून बघतात.