देवयानीच्या शेजारची निळी पट्टी: हौशी निरीक्षकांनी मिळून ती कशी शोधली?

आकाशाचे फोटो काढणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी देवयानी दीर्घिकेवर कॅमेरा रोखतोच. आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली ही दीर्घिका आकाशात तीन अंशांपेक्षा लांब पसरलेली आहे, म्हणजे ओळीने सहा पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढी. शार्ल मेसियेने १७६४ साली तिला आपल्या यादीत ३१वा क्रमांक दिला, म्हणून तिला एम३१ असंही म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ तिचे फोटो निघताहेत. मग तिच्या अगदी शेजारी काहीतरी मोठं दिसायचं राहून गेलं असेल, असं कोणाला वाटेल?

पण राहिलं होतं. २०२२ साली फ्रान्सच्या नान्सी शहराजवळून यान सेंटी या हौशी निरीक्षकाने देवयानीचे फोटो घेतले. जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर आणि फ्रान्सचे झेवियर स्ट्रॉटनर हे त्याचे जोडीदार. त्या फोटोंमध्ये दीर्घिकेच्या केंद्रापासून आग्नेयेला सव्वा अंशाच्या आसपास एक फिकट निळी पट्टी दिसली. लांबी साधारण दीड अंश, म्हणजे तीन चंद्रांएवढी. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध रीतसर शोधनिबंध म्हणून छापून आला आणि त्या पट्टीला तिघांच्या आडनावांवरून ‘एसडीएसओ-१’ हे नाव मिळालं. त्याच वर्षी या फोटोला ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या स्पर्धेत सर्वोच्च पुरस्कारही मिळाला.

वापरलेली दुर्बीण होती १०६ मिलिमीटर व्यासाची. म्हणजे फक्त चार इंची! मग हे जमलं कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

एक फोटो नाही, शेकडो फोटो

मोबाईलवर आपण एक क्लिक करतो आणि फोटो तयार. दीर्घिकेचा फोटो असा निघत नाही. दुर्बीण एका मोटर लावलेल्या माउंटवर बसवतात. तो माउंट पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे तारे फ्रेममध्ये जागेवर राहतात. मग पाच-दहा मिनिटांची एकेक फ्रेम घेत राहायचं, रात्रीमागून रात्री. देवयानीच्या या फोटोसाठी एकूण सुमारे ११० तासांचा प्रकाश गोळा केला होता.

एवढा वेळ कशाला? कारण प्रकाश हा फोटॉनच्या थेंबांनी येतो, आणि ते थेंब एकसारख्या वेगाने पडत नाहीत. पावसात दोन वाट्या शेजारी ठेवल्या तर दोन्हींत अगदी सारखेच थेंब पडत नाहीत, तसंच. हाच तो ‘नॉईज’.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा, दहा मिनिटांच्या एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर आकाशाच्या उजेडाचे १०० फोटॉन पडतात आणि आपल्याला हव्या असलेल्या फिकट वायूचा फक्त १. शंभर फोटॉनमधला चढ-उतार असतो १००च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०. दहाच्या गोंधळात एकाचा आवाज कसा ऐकू येणार?

आता अशा १०० फ्रेम एकत्र केल्या. वायूचे फोटॉन झाले १००. आकाशाचे झाले १०,०००, पण त्यांचा चढ-उतार फक्त १००. सिग्नल शंभरपट वाढला, नॉईज मात्र दहापटच. म्हणजे दोन्ही बरोबरीत आले. सिग्नल नॉईजच्या पाचपट व्हायला हवा असेल तर २,५०० फ्रेम लागतील, म्हणजे ४१६ तास!

इथे एक युक्ती कामी येते. वायू जर फ्रेममध्ये लांब-रुंद पसरलेला असेल, तर शेजारशेजारचे २५ पिक्सेल मिळून एक धरायचा. बारकावे जातात, पण आता तेच काम १०० फ्रेममध्ये होतं, साधारण १७ तासांत. आपली निळी पट्टी अशीच पसरलेली होती, ही जमेची बाजू.

तरी मूळ नियम बदलत नाही: फोटो दुप्पट चांगला हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. ढग, चंद्रप्रकाश आणि सकाळचं ऑफिस यांतून एका माणसाला वर्षभरात किती तास मिळणार? म्हणून लोक एकत्र येतात. ‘सिएल ऑस्ट्रल’ या पाच फ्रेंच हौशी निरीक्षकांच्या गटाने चिलीमधल्या १६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ‘मोठा मॅजेलॅनिक मेघ’ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेसाठी १,०६० तास दिले होते.

फिल्टरची जादू

मग वेधशाळांच्या मोठ्या दुर्बिणींना ही पट्टी का दिसली नाही? एक कारण म्हणजे मोठ्या दुर्बिणी आकाशाचा छोटासा तुकडा बघतात. हबलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या एका चौकटीत तर अख्खा चंद्रही मावत नाही. तीन चंद्रांएवढी फिकट पट्टी अशा चौकटीत ‘पट्टी’ म्हणून दिसणारच नाही. दुसरं म्हणजे संपूर्ण आकाशाची पाहणी करणारे प्रकल्प बहुतेक वेळा रुंद फिल्टर वापरतात. त्यातून रंगांचा मोठा पट्टा आत येतो आणि सोबत आकाशाचा उजेडही.

ही पट्टी मात्र जवळजवळ एकाच रंगात चमकते: ५००.७ नॅनोमीटर. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा हा प्रकाश. विल्यम हगिन्स यांना १८६४ साली एका तेजोमेघात ही रेषा दिसली, तेव्हा ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवीन मूलद्रव्यच कल्पून झालं. अखेर १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो साधा ऑक्सिजनच आहे. फक्त इतका विरळ की अणूंना एकमेकांवर आदळण्याआधी निवांतपणे प्रकाश सोडायला वेळ मिळतो.

या रेषेभोवतीचा जेमतेम काही नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडणारे फिल्टर आता हौशी लोकांनाही विकत मिळतात. देवयानीवर हायड्रोजनचा लाल फिल्टर लावणारे पुष्कळ होते, कारण तिच्या हातांमधले लाल ठिपके फोटोत छान उठून दिसतात. ऑक्सिजनचा फिल्टर लावून तासन् तास थांबणारे कमी. पट्टी हायड्रोजनच्या प्रकाशात दिसतच नाही, म्हणून ती लपून राहिली.

पट्टी खरी आहे की आपल्याच कॅमेऱ्याची?

आता खरा प्रश्न. फ्रेम एकावर एक रचल्या की नॉईज कमी होतो, पण फक्त तो, जो दर फ्रेममध्ये वेगळा असतो. मधूनच गेलेलं विमान किंवा उपग्रह सॉफ्टवेअर सहज काढून टाकतं: शंभर फ्रेमपैकी एकीतच तो पिक्सेल विचित्र उजळ आहे, मग ती किंमत सोडून द्या.

पण जी चूक प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते, तिचं काय? फिल्टर आणि सेन्सर यांच्यात उड्या मारणारं तेजस्वी ताऱ्याचं प्रतिबिंब, काचेवरची धूळ, शहराच्या बाजूने चढत जाणारा उजेड. यातलं थोडं ‘फ्लॅट’ फ्रेम घेऊन सुधारता येतं, म्हणजे एकसारख्या उजेडाकडे कॅमेरा धरून घेतलेला फोटो. पण सगळं नाही. आणि गंमत अशी की तुम्ही जितके जास्त तास द्याल, तितकी ही चूक जास्त स्पष्ट आणि खरी वाटायला लागते! ११० तास दिल्यावर दिसलेली फिकट पट्टी म्हणूनच आधी संशयास्पद असते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रसंग ओळखीचा आहे. बग सापडला की पहिला प्रश्न येतो, ‘दुसऱ्या मशीनवर रिप्रोड्यूस होतोय का?’ इथेही तेच. वेगळी दुर्बीण, वेगळा कॅमेरा, वेगळा फिल्टर, वेगळं गाव. प्रतिबिंब असेल तर ते दुसऱ्या दुर्बिणीत जागा बदलेल किंवा गायब होईल. आकाशातली वस्तू त्याच ताऱ्यांच्या मधोमध तशीच राहील.

देवयानीच्या पट्टीची खात्री अशीच झाली. अमेरिकेतल्या निरीक्षकांसह इतरांनी आपापल्या साधनांनी तो भाग तपासला. हे हौशी लोक आणि रॉबर्ट फेसन यांच्यासारखे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ, सगळे त्या निबंधाचे लेखक आहेत. म्हणजे एकत्र येण्याचा फायदा फक्त तासांची बेरीज एवढाच नाही. एकाच्या साधनातली खोट दुसऱ्याच्या साधनात नसते, हा जास्त मोठा फायदा.

सगळ्यांचा डेटा एकत्र कसा होतो?

दोन दुर्बिणींचे फोटो सारखे नसतात. एकाची फ्रेम मोठी, दुसऱ्याची तिरकी. सॉफ्टवेअर आधी तारे शोधतं आणि तीन-तीन ताऱ्यांचे त्रिकोण करतं. फोटो फिरवा किंवा लहान-मोठा करा, त्रिकोणाच्या बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही. त्यावरून एक फोटो दुसऱ्यावर अचूक बसवता येतो. मग प्रत्येक फोटोतला आकाशाचा उजेड एका पातळीवर आणतात.

त्यानंतर सरासरी, पण सरसकट नाही. एखाद्याच्या गावात आकाशाचा उजेड शहराच्या एक चतुर्थांश असेल, तर त्याचा नॉईज निम्मा. त्याचा एक तास शहरातल्या चार तासांच्या तोडीचा. म्हणून कमी नॉईजवाल्या डेटाला जास्त वजन द्यायचं.

अशा गटांचा एक नियम शिकण्यासारखा आहे: नटवलेला फोटो पाठवायचा नाही. २६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक कच्ची फ्रेम सुमारे ५२ एमबीची असते आणि अशा हजारभर फ्रेम झाल्या तर ५० जीबीच्या पुढे जातात. म्हणून दर फिल्टरमागे सगळ्या फ्रेमची मिळून झालेली एकच फाईल पाठवली तरी चालते, पण ती ‘लिनियर’ हवी. म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पटच आकडा. जेपेग केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला किंवा नॉईज काढणारं एआय टूल फिरवलं, की तो हिशेब मोडतो. फिकट पट्टी आकाशातून आली की टूलने तयार केली, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

मग ती पट्टी आहे तरी काय?

फोटोतून आपल्याला कोन कळतो, अंतर नाही. पट्टी खरोखर देवयानीजवळ असेल तर तिची लांबी सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं भरते. आपल्याच आकाशगंगेत, २,००० प्रकाशवर्षांवर असेल तर जेमतेम ५०. म्हणजे तोच फोटो आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टी! सुरुवातीच्या निबंधात दोन्ही शक्यता खुल्या होत्या. २०२५ मध्ये पॅट्रिक ओगल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ती आपल्याच आकाशगंगेत, ईजी अँड्रोमेडी या जोडताऱ्याने पूर्वी सोडलेल्या वायूची असावी. म्हणजे ती देवयानीच्या शेजारी नाही, आपल्या आणि देवयानीच्या मध्ये आहे.

तुम्हाला करून बघायचंय?

पावसाळा संपला की ऑक्टोबर ते डिसेंबर देवयानी रात्री महाराष्ट्रातून छान वर असते. शहरापासून दूर गेलात तर नुसत्या डोळ्यांनीही पुसट डाग दिसतो. ५० मिलिमीटरची लेन्स, साधा ट्रायपॉड आणि पाच-पाच सेकंदांच्या दोनशे फ्रेम एवढ्यावर सुरुवात होते. फ्रेम रचायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सोबत हवी असेल तर पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था आहेत.

आणि दुसऱ्या गावातल्या एका मित्रालाही त्याच आठवड्यात तेच करायला सांगा. मग दोघांचे फोटो एकावर एक ठेवा. जे दोघांकडेही आहे, ते बहुतेक आकाशातलं. जे फक्त तुमच्याकडे आहे, त्यासाठी आधी लेन्स पुसून बघा!