सेकंदाला बासष्ट परार्ध

मल्टीमीटरच्या पडद्यावर १.०० असा आकडा येतो, आपण वहीत 'करंट १ अँपिअर' असं लिहितो आणि पुढच्या वाचनाकडे वळतो. त्या एका अँपिअरचा अर्थ असा की तारेच्या कुठल्याही छेदातून दर सेकंदाला ६२,४१,५०,९०,७४,४६,०७,६२,६०८ इलेक्ट्रॉन पलीकडे जात आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यास्थानांची अठरा नावं येतात. एक, दश, शत अशी सुरुवात होऊन यादी परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर संपते. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला बासष्ट परार्धांहून अधिक. जिथे ती यादी थांबली, त्याच्याही पुढे आपला साधा मोबाइल चार्जर रोज जातो.

मोजायला बसलं तर काय होईल? १४० कोटी भारतीयांनी झोप, जेवण सगळं सोडून प्रत्येकी सेकंदाला एक या वेगाने इलेक्ट्रॉन मोजले, तर एका सेकंदाचा हा प्रवाह मोजून व्हायला १४१ वर्षं लागतील. एकट्या माणसाला लागणारा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या चौदा पट भरतो. आणि या अफाट गर्दीचं वजन? एक अँपिअर करंट वर्षभर अखंड चालू ठेवला, तरी त्या वर्षात तारेतून गेलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वजन ०.१८ ग्रॅम भरतं. संख्या प्रचंड आणि वस्तुमान नगण्य, हे एकाच वेळी मनात धरणं अवघड जातं. पण ते धरल्याशिवाय वीज कळायला सुरुवात होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता वेगाकडे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरचा सुमारे चौदावा भाग पुढे सरकतो. तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर. बॅटरीपासून दहा मीटरवर दिवा असेल, तर बॅटरीपाशी असलेला इलेक्ट्रॉन तिथे पोहोचायला दीड दिवसाहून जास्त वेळ लागेल. तरीही बटण दाबताच दिवा लागतो, कारण सगळी तार आधीपासून इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. तांब्याच्या एका घनमिलिमीटरात असे मोकळे इलेक्ट्रॉन ८५० परार्धांच्या घरात असतात (म्हणून तर इतक्या संथ चालीतही आकडा एवढा मोठा होतो). बटण दाबल्यावर धावतो तो विद्युतक्षेत्राचा बदल, आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या पातळीवर धावतो. त्यातही हे इलेक्ट्रॉन काही शांत बसलेले नसतात. ते सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने सगळ्या दिशांनी भिरभिरत असतात. माश्या आत घोंघावत असताना मधमाश्यांचं अख्खं मोहोळ हळूहळू एका बाजूला सरकावं, तसा हा प्रकार आहे.

घरातल्या वायरीत तर सरकणंही नाही. आपल्याकडचा पुरवठा सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, त्यामुळे वर सांगितलेल्या तारेतला इलेक्ट्रॉन एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरात मागेपुढे डोलत राहतो. शिवाय वाटेतल्या बहुतेक ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या वेगळ्या असतात, म्हणून वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन आपल्या घरी कधीच येत नाही. आपण बिल भरतो ते ऊर्जेचं.

हे सगळं मोजायचं कसं, असा प्रश्न जेव्हा पहिल्यांदा गंभीरपणे पुढे आला, तेव्हा मीटरच नव्हते. इंग्लंडमधल्या हेन्री कॅव्हेंडिशने १७७०च्या दशकात स्वतःचं शरीर मीटर म्हणून वापरलं. वेगवेगळ्या पदार्थांतून विजेचा धक्का स्वतःला देऊन घ्यायचा आणि दोन धक्के सारखे वाटेपर्यंत नळीतल्या पदार्थाची लांबी बदलत राहायचं, ही त्याची पद्धत. एवढ्यावरून त्याने सांगितलं की लोखंडी तार पावसाच्या पाण्यापेक्षा ४० कोटी पट चांगली वाहक आहे. हाताला बसलेल्या झटक्यांवरून कोटींतला आकडा काढणारा दुसरा प्रयोगकर्ता मला ठाऊक नाही. त्याचे बरेचसे विद्युतप्रयोग जगाला कळले ते थेट १८७९ साली, मॅक्सवेलने ते संपादित करून छापले तेव्हा. त्याआधीच, १८२७ मध्ये, जर्मनीत गेओर्ग ओहम या शिक्षकाने व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं नातं पुस्तकात मांडलं होतं. त्याच्या काळातल्या रासायनिक बॅटऱ्यांचं व्होल्टेज सतत ढळायचं, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेऊन एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. स्थिर व्होल्टेज मिळालं आणि नियम हाती आला.

घराघरांत असलेला निऑनचा टेस्टर हाती धरतो, तेव्हा आपणही कॅव्हेंडिशसारखे परिपथाचा भाग होतो. टेस्टरमधला रोध साधारण दहा लाख ओहमचा, त्यामुळे शरीरातून एका मिलिअँपिअरचा पाव भागही जात नाही. तरीसुद्धा हा प्रवाह सेकंदाला १,४०० लाख कोटी इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि आपल्याला तो जाणवतसुद्धा नाही. ६० वॉटच्या जुन्या बल्बमधून जो करंट जातो, त्याच्या निम्म्याहून कमी करंट छातीतून गेला तर हृदयाचा ठोका कायमचा बिघडू शकतो. म्हणून घरातला गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरलाच पडतो. बल्बसाठी क्षुल्लक असलेला आकडा माणसासाठी जीवघेणा ठरतो.

मला सगळ्यांत थक्क करतो तो रोधाचा पल्ला. शुद्ध तांबं आणि वितळवून घडवलेलं क्वार्ट्झ यांच्या रोधकतेत साधारण एकावर पंचवीस शून्यं इतक्या पटींचा फरक आहे. तांब्याची रोधकता एक मिलिमीटर लांबीने दाखवली, तर क्वार्ट्झची दाखवायला दहा लाख प्रकाशवर्षांची रेषा काढावी लागेल. आपल्या आकाशगंगेचा व्यासच लाखभर प्रकाशवर्षांचा आहे. विजेच्या वायरीत तांबं आणि त्याचं आवरण एकमेकांना चिकटून असतात, आणि बोटभर जाडीच्या त्या वस्तूत या पल्ल्याचा मोठा भाग सामावलेला असतो. खालच्या टोकाला तर शून्य आहे. १९११ च्या एप्रिलमध्ये लायडेनच्या प्रयोगशाळेत कामरलिंग ऑन्स यांच्या चमूने पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. पुढे १९६३ मध्ये अतिवाहक गुंडाळीत फिरणाऱ्या करंटची घट इतकी कमी आढळली, की तो विरायला किमान एक लाख वर्षं लागावीत.

आणि याच पल्ल्याचा एक मोठा तुकडा आपल्या हातातल्या मल्टीमीटरमध्ये आहे. बऱ्यापैकी डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना स्वतःचा रोध एक कोटी ओहम ठेवतो. दीड व्होल्टच्या सेलला लावला, तर तो सेलमधून सेकंदाला सुमारे ९४ हजार कोटी इलेक्ट्रॉन घेतो. सेलच्या दृष्टीने हे काहीच नाही, म्हणूनच वाचन खरं येतं. लाल वायर काढून शेजारच्या '१० ए' लिहिलेल्या भोकात घातली, की आत उरतो साधारण ओहमचा शंभरावा भाग. दोन भोकांमध्ये बोटभर अंतर आणि रोधात शंभर कोटी पटींचा फरक! वायर त्याच भोकात विसरून कुणी २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये प्रोब घातले, तर ओहमचा नियम कागदावर २३,००० अँपिअर दाखवतो. प्रत्यक्षात वायरिंग त्याला आवर घालतं, पण शेकडो अँपिअरही मीटर फोडायला, हात भाजायला आणि डोळे जायला पुरतात. विद्यार्थ्यांना 'व्होल्टमीटर समांतर, अमीटर एकसर' हे पाठ करायला लावतात, पण त्यामागचा हा शंभर कोटींचा आकडा सांगत नाहीत. तो सांगितला तर पाठांतराची गरजच उरणार नाही.

लहान रोध मोजताना तर मीटर स्वतःच आडवा येतो. दहा मीटर लांबीच्या, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.१७ ओहम. दोन प्रोब एकमेकांना टेकवून पाहा, त्यांच्याच वायरींचा रोध बहुधा याहून जास्त दिसेल. म्हणून बारीक मोजणीत चार वायरी जोडतात; दोन करंट नेतात आणि उरलेल्या दोन फक्त व्होल्टेज वाचतात.

व्होल्टेजचा पल्लाही असाच. ईसीजीचं यंत्र छातीवर जेमतेम एक मिलिव्होल्ट टिपतं. चेतापेशीच्या पटलावर ७० मिलिव्होल्ट असतात, पण पटल इतकं पातळ की दर मीटरच्या हिशेबाने ते कोटी व्होल्टच्या आसपास भरतात. हवेत ठिणगी पडायला दर मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात, म्हणजे आपल्या मेंदूतलं विद्युतक्षेत्र त्याहून तीव्र आहे. दुसऱ्या टोकाला चंद्रपूर–पडघे वाहिनी. १९९९ पासून ती सुमारे ७५० किलोमीटरवर १,५०० मेगावॉट नेऊ शकते, अधिक–उणे पाच लाख व्होल्टवर. त्यामुळे करंट फक्त १,५०० अँपिअर. तेवढीच वीज २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील आणि त्याच तारांत उष्णतेचा नास पावणेदोन कोटी पटींहून जास्त होईल, अर्थात तारा शिल्लकच राहणार नाहीत.

याहून मोठं व्होल्टेज मोजलं गेलं तेही भारतात, आणि प्रोब न लावता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने उटीला चालणाऱ्या ग्रेप्स-३ प्रयोगात ३,७१२ संवेदक आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण मोजत असतात. १ डिसेंबर २०१४ रोजी वादळी ढग माथ्यावर आला आणि १८ मिनिटं म्युऑनांची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्राने त्यांची ऊर्जा खाल्ली होती. घटीवरून उलट हिशेब केला तेव्हा ढगातलं विभवांतर निघालं १३० कोटी व्होल्ट. मेघगर्जनेच्या ढगात अब्जावधी व्होल्ट असू शकतात हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्येच म्हटलं होतं. पुरावा मिळायला नव्वद वर्षं गेली.

या सगळ्या मोजण्यांचं माप कुठे ठेवलेलं असतं? १८९३ साली ओहम म्हणजे १०६.३ सेंटिमीटर लांब पाऱ्याच्या स्तंभाचा, शून्य अंश तापमानावरचा रोध होता. आज पारा नाही. १९८०च्या फेब्रुवारीत ग्रेनोबलला क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना असं आढळलं, की अतिथंड अर्धवाहकाच्या पातळ थरात प्रबळ चुंबकक्षेत्र लावलं की रोध २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक अशा ठरावीक पायऱ्यांवरच थांबतो. तुकड्याचा आकार कसाही असो. व्होल्टसाठी दोन अतिवाहकांमधला जोसेफसन जोड आहे: त्यावर ७० अब्ज हर्ट्झच्या सूक्ष्मलहरी टाकल्या की सुमारे १४५ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणून एका व्होल्टला जवळपास सात हजार जोडांची माळ लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत भारताचा व्होल्ट आणि ओहम याच मार्गांनी जपला जातो. अँपिअरची व्याख्या २० मे २०१९ पासून थेट इलेक्ट्रॉनच्या भारावर बांधली आहे.

घरात मुलं असतील तर त्यांना एक मल्टीमीटर आणून द्या. सुरुवात दीड व्होल्टच्या सेलपासून आणि कागदावर ओढलेल्या गडद पेन्सिलच्या रेघेपासून करा. रेघ दुप्पट लांब काढली की रोध किती होतो ते त्यांना स्वतः पाहू द्या. भिंतीतल्या सॉकेटला मात्र हात लावू देऊ नका, आणि प्रत्येक मोजणीआधी लाल वायर कुठल्या भोकात आहे ते त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घ्या.