आदिवासींचे अभिलेख आणि त्यांची वर्णननोंद

अभिलेखागारात दस्तऐवज सुरक्षित असणे ही एक गोष्ट आणि गरजूला तो सापडणे ही दुसरी गोष्ट होय. कागद वाळवीपासून वाचविला, रुमालात बांधून फडताळात ठेवला. परंतु तो कोणाचा, कोठला, कोणत्या सालचा व कशासंबंधीचा याची नोंद सूचीत नसेल, तर तो असून नसल्यासारखाच ठरतो. दस्तऐवजाविषयीच्या या माहितीला आज जगभर ‘मेटाडेटा’ म्हणतात. मराठीत तिला ‘वर्णननोंद’ म्हणता येईल. आदिवासी समाजांच्या अभिलेखांची वर्णननोंद करणे हे आता काही देशांत एक स्वतंत्र व जबाबदारीचे काम मानले जाते. त्या कामाचा येथे थोडक्यात परिचय करून दिला आहे.

नोंदीत हरवलेली मुले

या कामाची निकड कॅनडातील अनुभवावरून चांगली समजते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालविण्यात आल्या. पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन बहुतांशी चर्चसंस्थांचे, अशी रचना होती. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. त्यांना मातृभाषा बोलण्यास मनाई असे. अनेकांची नावे बदलली गेली व कित्येकांना केवळ क्रमांकाने ओळखले जाई. बरीच मुले घरी परतलीच नाहीत.

या प्रकरणी २००८ ते २०१५ या काळात सत्य व समेट आयोगाने चौकशी केली आणि ९४ शिफारशी केल्या. आयोगाने जमविलेले अभिलेख मॅनिटोबा विद्यापीठातील राष्ट्रीय केंद्राकडे सोपविण्यात आले. मात्र हे कागद ज्यांनी लिहिले, त्यांच्या सोयीने ते लावलेले होते. त्यांची विभागणी खाते, शाळा व साल यांनुसार होती. कुटुंबाचा प्रश्न वेगळाच असतो. आजीची धाकटी बहीण शाळेत गेली, तिचे पुढे काय झाले, हे त्यांना हवे असते. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मुलाचे मूळ नाव, शाळेने दिलेले नाव, क्रमांक, गाव आणि जमात ही सर्व माहिती विखुरलेल्या कागदांतून काढून एकमेकांशी जोडावी लागते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये या केंद्राने मृत मुलांपैकी २,८०० नावे ५० मीटर लांबीच्या लाल कापडावर जाहीर केली. पुढे ही यादी चार हजारांच्या वर गेली. कागद पूर्वीही होते. त्यांतील मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र कोणी तयार केलेली नव्हती.

कामाचे स्वरूप

वर्णननोंद करणाऱ्या तज्ज्ञापुढे पहिला प्रश्न येतो तो नावांचा. जुन्या कागदांत जमातींना परक्यांनी दिलेली, काही वेळा अपमानास्पद नावे आढळतात. मूळ मथळा इतिहासाचा पुरावा असल्याने तो खोडता येत नाही. म्हणून तो तसाच ठेवून, तो कोणी व केव्हा लिहिला हे नमूद करतात आणि शोधासाठी जमातीने स्वतः मान्य केलेले नाव देतात. ऑस्ट्रेलियात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आदिवासी अभ्याससंस्थेने तेथील प्रत्येक भाषेला स्वतंत्र संकेतांक दिला आहे. एकाच भाषेचे नाव दहा प्रकारे लिहिलेले असले, तरी त्यामुळे तिचे सर्व साहित्य एकत्र सापडते.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. प्रचलित ग्रंथालयीन पद्धतींत आदिवासी समाजांना बहुधा इतिहासाच्या एका कोपऱ्यात बसविलेले असते. जणू ते आज अस्तित्वातच नाहीत. कॅनडातील मोहॉक समाजाचे ग्रंथपाल ब्रायन डीअर यांनी १९७० च्या दशकात निराळी पद्धती आखली. तीत समाजांची मांडणी वर्णानुक्रमे न करता त्यांच्या भौगोलिक शेजाराप्रमाणे केली जाते.

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. काही विधी केवळ स्त्रियांनी पाहावयाचे असतात, तर काही कथा विशिष्ट ऋतूतच सांगावयाच्या असतात. ऑस्ट्रेलियातील अनेक समाजांत मृत व्यक्तीचे नाव वा छायाचित्र अचानक समोर येणे क्लेशकारक मानतात. म्हणून तेथील संग्रहांच्या प्रारंभी तशी सूचना दिलेली असते. अशा मर्यादांची माहिती वर्णननोंदीतच असावी लागते.

मेणाच्या नळकांड्यांवरील आवाज

या पद्धतीचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १८९० च्या मार्च महिन्यात मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी मेन राज्यात पॅसमक्वॉडी समाजातील गाणी व कथा मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. क्षेत्रकार्यात केलेले जगातील सर्वांत जुने ध्वनिमुद्रण म्हणून ते ओळखले जाते. ही नळकांडी पुढे वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात आली. एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावर समाजातील जाणत्या मंडळींनी ते आवाज ऐकले, शब्द ओळखले आणि जुन्या नोंदी दुरुस्त केल्या. आता ग्रंथालयाच्या सूचीत पॅसमक्वॉडी भाषेतील शीर्षकांबरोबरच समाजाने ठरविलेल्या खुणाही आहेत. ‘हे कसे केले जाते’, ‘हे शिक्षणासाठी आहे’ आणि ‘हे विक्रीसाठी नाही’ असा त्यांचा आशय आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमातून ही खुणांची पद्धत विकसित झाली. या खुणा म्हणजे कायदा नव्हे. पण वापरणाऱ्याला मालकाची इच्छा कळावी, एवढे काम त्या करतात.

अधिकार कोणाचा?

सार्वजनिक अभिलेख सर्वांना खुले असावेत हे तत्त्व योग्यच आहे. तथापि ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांना कोणी विचारलेच नसेल, तर हे तत्त्व अपुरे पडते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर आदिवासींच्या माहितीसंबंधी चार तत्त्वे मांडण्यात आली. सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती ही ती होत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये निवासी शाळांतील अत्याचारांच्या भरपाईसाठी दिलेल्या गोपनीय जबान्यांबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. ज्याची जबानी त्याने ती जतन करण्यास संमती दिली नाही, तर १५ वर्षांनंतर ती नष्ट करावी, असा तो निर्णय आहे. जतन करणे हेच ज्याचे कर्तव्य, त्या अभिलेखपालाला हा निर्णय जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते दुःख कोणाचे आहे, याचा विसर पडता कामा नये.

आपल्याकडील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे. त्यांच्या दृष्टीने जुन्या नोंदींना केवळ संशोधनमूल्य नाही. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १९५० पूर्वीच्या शालेय व महसुली नोंदींना विशेष वजन असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गॅझेटियर, जनगणना, नकाशे व वनविभागाचे अभिलेख यांबरोबरच वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुराव्यात धरले आहे. कागद मोडी लिपीत असेल, एका ठिकाणी ‘काथोडी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कातकरी’ लिहिले असेल किंवा पाड्याचे नाव मुख्य गावाच्या नावात लोपले असेल, तर हक्क असूनही तो सिद्ध करणे कठीण होते.

यासाठी मोठी यंत्रणा उभी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जुने दप्तर यादीत घेताना मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी आणि प्रचलित नावे शेजारी द्यावीत. पाड्यांची, डोंगरांची व ओढ्यांची नावे लोक उच्चारतात तशी लिहावीत. शिक्षकांनी वृद्धांच्या कथा वा गाणी ध्वनिमुद्रित केल्यास सांगणाऱ्याचे नाव, गाव, बोली, तारीख आणि त्याने दिलेली परवानगी यांची नोंद त्याच दिवशी करावी. कोणती गोष्ट गावाबाहेर जाऊ नये, हे ग्रामसभेस विचारावे. तयार झालेली यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कारण त्या नोंदींतील चूक प्रथम लक्षात येईल ती तेथे बसलेल्यांच्याच.