‘बीपी आहे’ म्हणजे नक्की काय?

बाह्यरुग्ण विभागात केसपेपर पुढे सरकवत एखाद्या आजी सांगतात, ‘‘डॉक्टर, मला बीपी आहे, शुगर आहे आणि थोडा थायरॉइडपण आहे.’’ समोरच्या डॉक्टरांना यात काहीही वावगे वाटत नाही. वास्तविक बीपी म्हणजे रक्तदाब. तो सगळ्यांनाच असतो, नसता तर आजी खुर्चीवर बसल्याच नसत्या. साखर प्रत्येकाच्या रक्तात असते आणि थायरॉइड ही तर गळ्यातली ग्रंथी. तरीही उच्च रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडचा विकार, असा अर्थ डॉक्टर क्षणात लावतात. न बोललेला भाग ऐकणारा आपल्या डोक्यातून भरून काढतो.

संगणकाला हे जमत नाही. त्याच्या लेखी ‘बीपी’ ही नुसती अक्षरे आहेत. आता रुग्णालयांतल्या नोंदी झपाट्याने संगणकावर जात असताना ही अडचण केवळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची राहिलेली नाही, ती थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक लेख लिहिला. वेबवरची माहिती माणसाला वाचता येते तशी यंत्रालाही अर्थासकट कळावी, ही त्यातली कल्पना. ‘सिमँटिक वेब’ हे तिचे नाव. गंमत म्हणजे लेखाची सुरुवात होते ती एका आजारी आईपासून. तिला तज्ज्ञ डॉक्टर आणि फिजिओथेरपी हवी आहे. मुलांचे सॉफ्टवेअर घरापासून २० मैलांच्या आतले, विम्यात बसणारे आणि चांगला लौकिक असलेले डॉक्टर स्वतःच शोधून वेळा ठरवते. हे स्वप्न तसेच्या तसे उतरले नाही, पण त्यामागचा विचार वैद्यकात रुजला. विचार साधा आहे. प्रत्येक माहिती छोट्या, निःसंदिग्ध विधानात मांडायची : कोण, कोणते नाते, काय. ‘ही रुग्ण – ॲलर्जी – पेनिसिलिन.’ आणि या तिन्ही जागी शब्दाऐवजी असा क्रमांक वापरायचा, ज्याचा अर्थ सगळीकडे एकच.

शब्द पुरेसे का नाहीत? ‘एमएस’ या दोन अक्षरांचा अर्थ हृदयविकारतज्ज्ञासाठी मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणे. मेंदूविकारतज्ज्ञासाठी मल्टिपल स्क्लेरोसिस. औषधांच्या यादीत मॉर्फिन सल्फेट. आणि दारावरच्या पाटीवर शल्यचिकित्सकाची पदवी. ‘मधुमेह नाही’, ‘वडिलांना मधुमेह होता’, ‘मधुमेहाची शंका’ या तिन्ही नोंदींमध्ये मधुमेह हा शब्द आहे. नुसता शब्द शोधणारा संगणक तिघांनाही मधुमेहींच्या यादीत टाकून मोकळा होतो.

ही तक्रार संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या विल्यम फार यांनी १८३९ मध्येच लिहून ठेवले होते, की एकाच रोगाला डॉक्टर तीन-चार नावे वापरतात आणि त्यामुळे मोजणीच अशक्य होते. पुढे १८९३ मध्ये झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि आज ‘आयसीडी’ म्हणून तिची अकरावी आवृत्ती चालू आहे. तिचे काम मोजणीचे : प्रत्येक रुग्ण कोणत्या ना कोणत्या एका खान्यात बसवायचा. अर्थात खाने कितीही नेमके असले तरी भरणारा माणूसच असतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच कारण लिहिण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. हृदयक्रिया शेवटी सगळ्यांचीच बंद पडते. का पडली, हा खरा प्रश्न असतो.

मोजणीच्या पलीकडे जाऊन रुग्णाची अवस्था बारकाव्यांसह लिहिण्यासाठी दुसरा शब्दसंग्रह आहे, ‘स्नोमेड सीटी’. ब्रिटन आणि अमेरिकेतले दोन संग्रह एकत्र करून तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक वैद्यकीय संकल्पना आहेत. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे आणि देशातले त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, ही गोष्ट पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते. यात हृदयविकाराच्या झटक्याचा क्रमांक आहे २२२९८००६. कुणी ‘हार्ट ॲटॅक’ म्हणो, कुणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, क्रमांक तोच. त्याला मराठी नावही जोडता येते. शिवाय या क्रमांकाला नाती आहेत. अवयव कोणता? हृदयाचा स्नायू. बिघाड कोणता? रक्त न मिळाल्याने मेलेली ऊती. हा कशाचा प्रकार? हृदयविकाराचा. त्यामुळे ‘हृदयविकाराचे सर्व रुग्ण दाखव’ असे सांगितले, की ‘हृदयविकार’ हा शब्द कुठेही नसलेली नोंदसुद्धा यादीत येते.

हे नाते किती मोलाचे, ते औषधांच्या बाबतीत कळते. समजा, एका रुग्णाच्या नोंदीत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले आहे. वर्षभराने दुसऱ्या गावात घसा दुखतो म्हणून त्याला ॲमॉक्सिसिलिन दिले जाते, तेही कंपनीच्या ब्रँडच्या नावाने. आपल्या बाजारात या औषधाची असंख्य ब्रँडनावे आहेत. त्या नावात ना पेनिसिलिन, ना ॲमॉक्सिसिलिन. गर्दीत डॉक्टरांच्या नजरेतून ते निसटू शकते. संगणकाला मात्र ‘हे ब्रँडनाव म्हणजे ॲमॉक्सिसिलिन’ आणि ‘ॲमॉक्सिसिलिन हा पेनिसिलिनचाच एक प्रकार’ ही दोन नाती शिकवलेली असतील, तर चिठ्ठी छापण्याआधीच तो इशारा देईल. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे श्वास अडकवणारी आणि रक्तदाब कोसळवणारी तीव्र ॲलर्जी, काही मिनिटांत जीव घेऊ शकते.

पण त्याच नोंदीतला एक खाना याहून अवघड आहे : ‘ॲलर्जी’ शब्दापुढची रिकामी जागा. ती रिकामी असण्याचे किमान तीन अर्थ होतात. विचारले आणि नाही म्हणाले. विचारलेच नाही. किंवा विचारायचे होते, पण रुग्ण बेशुद्ध होता आणि सोबत कुणी नव्हते. कागदावर डॉक्टर तिथे काहीतरी खरडतात आणि अक्षरावरून, शाईवरून वाचणाऱ्याला अंदाज येतो. संगणकावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय ठेवले आणि सोय म्हणून आधीच ‘नाही’वर खूण केली, तर अपघातातून बेशुद्ध आलेला रुग्णही ‘ॲलर्जी नाही’ असा नोंदला जातो. रात्रपाळीचा डॉक्टर ते वाचतो आणि निर्धास्तपणे इंजेक्शन लिहितो. म्हणून ‘ॲलर्जी नसल्याचे माहीत आहे’ ही एक स्वतंत्र नोंद असावी लागते.

उलट बाजूही आहे. गोळी घेतल्यावर मळमळले, एवढ्यावरून ‘ॲलर्जी’ असा शिक्का बसतो आणि पुढे आयुष्यभर चांगले, स्वस्त औषध नाकारले जाते. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठी आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘फायर’ या मानकाचा आराखडा ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०११ मध्ये मांडायला सुरुवात केली. त्यात हा फरक सोडवला आहे. ॲलर्जी की नुसते न सोसणे, नेमके काय झाले, धोका किती, खात्री झाली आहे की शंका आहे, की तपासून ती खोटी ठरली, याला वेगवेगळे खाने आहेत.

आकड्यांचेही तसेच. लंडनला मुलाकडे गेलेल्या आजोबांच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ‘७’ येते. आपल्याकडच्या मोजमापात हीच १२६, म्हणजे मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा. एककांमध्ये १८ पटींचा फरक आहे. एकक न लिहिता नुसता ‘७’ पाठवला, तर कुणी तो तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा समजेल, कुणी चूक समजून खोडेल. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनाही क्रमांक दिलेले आहेत. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रिफ संस्थेत १९९४ मध्ये हे काम सुरू झाले. त्यात उपाशीपोटीची साखर आणि एरवीची साखर यांचे क्रमांकही वेगळे आहेत.

भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ‘फायर’चाच स्वीकार केला आहे, १४ अंकी ‘आभा’ क्रमांक त्याचाच भाग. पण या रचनेत जुन्या कागदांचे फोटो किंवा पीडीएफ ठेवायलाही मुभा आहे. ही सवलत गरजेची आहे, नाहीतर पिशव्या भरभरून असलेल्या जुन्या रिपोर्टांचे करायचे काय? मात्र फोटो म्हणजे यंत्राच्या दृष्टीने बंद पाकीट. आत ‘पेनिसिलिन देऊ नये’ असे लाल शाईने लिहिलेले असले, तरी इशारा वाजणार नाही.

आणि सगळे खाने भरायचे म्हटले, तर वेळ कुठून आणायचा? दुपारपर्यंत शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टराला प्रत्येक आजारासाठी तीन लाखांतून एक क्रमांक निवडायला लावणे हा अन्याय आहे. मग यादीतला पहिला किंवा ‘इतर’ हा पर्याय दाबला जातो आणि नोंद दिसायला नीटनेटकी, पण खोटी होते. चांगले सॉफ्टवेअर ‘बीपी’ टाइप केल्यावर ‘उच्च रक्तदाब?’ असे विचारते आणि एका टिचकीत काम संपवते. ते बनवणाऱ्यांनी एखादा दिवस तरी बाह्यरुग्ण विभागात बसून काढायला हवा.

तोवर रुग्णाने स्वतः एवढे करावे. एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल, तर त्याचे ब्रँडनाव नव्हे तर मूळ नाव, काय झाले आणि कधी झाले, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद फायलीत सर्वांत वर ठेवावा. भरती होताना कुणी ॲलर्जीबद्दल विचारले नाही, तर आपणहून सांगावे. काहीच ॲलर्जी नसेल, तर तेही सांगावे.