उत्तर छान आहे, पण खरे आहे का?

दोन संकेतस्थळे. दोन्हींवर शाळेतील दादागिरीविषयी लेख. एक 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स'चे, दुसरे 'अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स'चे. यातले अधिक विश्वासार्ह कोणते?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी हा प्रश्न 10 इतिहासतज्ज्ञ, 25 विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या 10 व्यावसायिकांना विचारला. 2017मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहाही तपासनीस बरोबर ठरले, निम्म्याहून अधिक विद्यार्थी मात्र चुकले. अकॅडमी ही 1930पासूनची, हजारो बालरोगतज्ज्ञांची संघटना. तर कॉलेज हा समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या वादातून 2002मध्ये वेगळा झालेला छोटा गट.

विद्यार्थी हुशारच होते. पण ते तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि नाव, मांडणी, संदर्भसूची पाहून फसले. तपासनिसांनी लगेच नवा टॅब उघडला आणि त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे, ते शोधले.

एआयच्या काळात ही सवय अधिकच गरजेची आहे. चॅटबॉट मजकुराच्या सरावातून पुढचा संभाव्य शब्द ठरवत वाक्य तयार करतो. त्यामुळे भाषा सफाईदार असते. पण माहिती चुकीची, प्रसंगी संदर्भ दिलेला शोधनिबंधही अस्तित्वात नसलेला असू शकतो. म्हणजे केवळ उत्तर वाचून त्याचा खरेपणा कळत नाही.

वर्गात यासाठी सोपा सराव घेता येईल. 'डेंग्यूचा संशय असताना अंगदुखीवर कोणती गोळी चालते?' हा प्रश्न एआयला विचारावा. उत्तरातील प्रत्येक दाव्याखाली मुलांनी रेघ ओढावी. मग तीन प्रश्न: हे कोण सांगते? पुरावा काय? इतर काय म्हणतात? त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे डेंग्यूविषयीचे पान उघडावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. एआयच्या उत्तरात हा इशारा होता का, हे मुलांनीच ताडून पाहावे.

घरात कुणाला ताप आला, की मोबाइलवर शोधायचे काम अनेकदा मुलांकडेच येते. तेव्हा पहिल्या उत्तरावर न थांबणारे आणि 'आधी डॉक्टरांना विचारू' म्हणणारे मूल घरात असणे मोलाचे आहे.